बर्फाच्या खणातलं बाळंतपण

मावशी माझ्या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ फ्रीजकडे गेल्या, वरचं छोटं दार उघडलं आणि बर्फाच्या खणात हात घालून वितीनं माप घेतलं. "दीड वीत आन् चार बोटं," असं स्वतःशीच पुटपुटल्या. मग मागं वळून म्हणाल्या, "बाई, ह्यात तुमचं काय हाय?"

माझं काय असणार? एक बर्फाचा ट्रे, कधीची कोण जाणे अशी मटारची पिशवी आणि एका वाटीत कसलंसं वाटण. "मग काडा," त्या म्हणाल्या. वर्गात चाळीस पोरं गप्प बसवणारी मी, माझ्याच घरात मुकाट्यानं मटारची पिशवी हातात घेऊन उभी राहिले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ओळख मागाहून, काम आधी.

वरवे बुद्रुकला आमच्या इमारतीत तळमजल्यावर शेवटची खोली त्यांची होती. जवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या स्वयंपाकाला होत्या, ठेकेदाराच्या हाताखाली. वय पन्नाशीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी नसरापूरकडच्या शाळेत शिक्षिका. नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो रविवारचा येणार. मुलगा हॉस्टेलवर. त्यामुळे संध्याकाळी मी घरी येऊन चप्पल काढायची आणि भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. त्याच वेळी मावशी कॅन्टीनमधून यायच्या. आम्ही दोघी दमलेल्या बायका, एकमेकींना 'काय कसं काय' म्हणायचंही त्राण नसायचं.

कुठलीही गोष्ट संपली की त्या दोन्ही हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "चला, एक काम मिटलं." भांडी झाली की एक काम मिटलं. चहा पिऊन झाला की एक काम मिटलं. एकदा माझ्याबरोबर शेजारच्या लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या आणि नवरा-नवरीच्या समोरच हात झटकून तेच म्हणाल्या. नवरीची आई तोंडाला पदर लावून हसली.

फ्रीज कशाला हवा होता, ते दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या उंबऱ्यात बसून शेपू निवडताना त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती लेक गुंजवण्याच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. चार म्हशी, थोडी शेरडं, भाताची दोन खाचरं. लेक दुसऱ्यांदा गरोदर होती. घरात सासू नाही, नुसता म्हातारा सासरा आणि नवरा.

"पयल्या येळंला माझ्याकडंच हुती, ह्याच खोलीत," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिशी म्या कामावर गेले. न जाऊन करते काय? ठेकेदार म्हनला, उद्या यायचं नसंल तर परवा बी येऊ नगा. दुपारच्याला येऊन बगते तर ओली बाळंतीण मोरीत बसून भांडी घासतीया. पोटात सकाळचा च्या. दूध आटलं बाई तिचं. महिन्याच्या आत लेकराला डब्याचं दूध लावलं."

शेपूच्या काड्या त्यांनी बाजूला सारल्या.

"ह्या येळंला बी मला सुट्टी न्हाई. पन उपाशी न्हाई ठिवायची तिला. सव्वा महिन्याचं जेवान म्या आधीच करून ठिवनार."

मी म्हणाले, "मावशी, बाळ यायच्या आधी तयारी करू नये म्हणतात ना?"

"नाव काडू नगा!" त्या एकदम खेकसल्या. "बाळाचं म्या काय बी करत न्हाई. दुपट्याला टाका घातला न्हाई का कुंची बेतली न्हाई. म्या आईचं करतीया. आई तर हायच की आत्तापासनं."



काम मोठं शिस्तीत चालायचं. कॅन्टीनमधून आल्यावर पाय धुवायच्या, अर्धा तास पडायच्या आणि मग चूल नाही तर गॅस पेटवायच्या. शेपू-मूगडाळ, लसूण घालून मेथी, मुगाचं कढण, बोकडाच्या पायांचा अळणी रस्सा, अळिवाची खीर. सगळं निवलं की दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये भरायचं, मेणबत्तीच्या ज्योतीवर कडा चिकटवायची आणि पिशवी पाटाखाली दाबून पाटीसारखी सपाट करायची. सपाट केली की खणात जास्त मावतात. हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, "डोकं दिलंय देवानं."

लिहिता येत नव्हतं, म्हणून पिशवीच्या कोपऱ्याला दोरा. एक गाठ शेपू, दोन मेथी, तीन कढण, चार खीर. "आणि रस्सा?" मी विचारलं. "रश्श्याला गाठ कशाला? वासानं कळतंय." चार दिवसांनी दगड झालेली एक पिशवी नाकाला लावून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आगं बया, बर्फाला वास नसतोय व्हय!" मग रश्श्याला पाच गाठी.

एका रविवारी माझ्या नवऱ्यानं बर्फासाठी खण उघडला आणि चार गाठींची खिरीची पिशवी आइस्क्रीम समजून संपवली. मावशींनी कपाळावर हात मारला. "सायबांस्नी आता पान्हा फुटला म्हंजे मिळवली!" नवरा कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर उन्हाळाभर तो माठातलं पाणी प्यायला.

आता वाडीत फ्रीज नाही, मग हे दगड वर पोचवायचे कसे? तेही त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. डोंगरातलं दूध घेऊन एक टेम्पो सकाळी खाली येतो आणि रिकामे कॅन घेऊन परत गुंजवण्याला जातो. लेकीचा सासरा कॅन न्यायला रोज खाली उतरतोच. मावशींनी टेम्पोवाल्याला गाठलं, एक पुडा वर्तमानपत्रात आणि गोणपाटात गुंडाळून दिला आणि वाटेत तीनदा बोट लावून बघायला सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं बघितलं. नसरापूरला दगड, मार्गासनीला घाम फुटलेला, गुंजवण्याला मऊ. वाडीवर पोचेपर्यंत गरम करायला तयार. "आणि भाकरी?" मी म्हणाले. "जावयाला येती. गोल न्हाई यायची. पोटात गेल्यावर कोन बगतंय?"

सगळं असं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. माझ्या फ्रीजचं गोदाम झालं होतं. एका संध्याकाळी शाळेतून आले, दिवसभर ऑनलाइन माहिती भरून डोळे जळत होते, आणि मावशी दारातच म्हणाल्या, "बाई, तुमचं दही खालच्या फळीवर ठिवते." मी ओरडले, "मावशी, मलाही जगू द्या की! दर वेळेला मीच का सरकायचं?"

 त्यांनी खणातले चार पुडे काढले आणि पदराखाली घेऊन आपल्या खोलीत गेल्या. एप्रिलचे दिवस. सकाळी त्यांच्या दारापाशी आंबलेल्या मेथीचा वास येत होता आणि त्या वाकून पिशव्या उकिरड्यावर टाकायला निघाल्या होत्या. पाय सुजून नीट पडत नव्हते. मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी बाजारातून मेथीच्या चार जुड्या आणल्या आणि त्यांच्या शेजारी निवडायला बसले. माफी मागायला मला जमलं नाही. त्यांनी मागूही दिली नाही, जुड्या संपल्यावर हात तेवढे झटकले.

मे महिन्यात लेक बाळंत झाली. मुलगा. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी गेली. जावयाचा फोन आला तेव्हा मावशींनी मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी विचारलं, "जेवली का?"

ती घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुडे सुरू झाले. सकाळी कामावर जाता जाता त्या माझं दार वाजवायच्या, गाठी मोजून दोन पुडे काढायच्या आणि टेम्पोवाल्याच्या हाती द्यायच्या. चार दिवस बिनबोभाट गेले. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या संध्याकाळी त्या माझ्याच दारात बसल्या होत्या, तेव्हा लेकीचा फोन आला. त्या मोबाईल नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"आये, जेवान पोचलं."

"गरम केलंस का? रस्सा हुता आज. भाकरी कुनी थापली?"

"ह्यांनी."

"मग खाल्लंस न्हवं?"

"खाल्लं. आये, तू कवा येनार?"

"आगं, समदं दिलंय की! उद्या कढान हाय, परवा शेपू हाय, खीर बी..."

"व्हय. पन तू कवा येनार?"

मावशींनी फोन बंद केला. तो मांडीवर तसाच धरून बसल्या.  

सकाळी मी शाळेला निघाले तर त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या. हातात कापडी पिशवी. कॅन्टीनची वेळ कधीच टळून गेली होती.

"मावशी, कामावर?"

"न्हाई. वर."

"आणि ठेकेदार?"

"त्याला काय, भात शिजवाया दुसरी गावंल." टेम्पो आला. चढता चढता त्या वळून म्हणाल्या, "बाई, चुकलेच म्या. जेवान धाडलं म्हंजे झालं असं वाटलं मला." मग ड्रायव्हरच्या शेजारी पिशवी पोटाशी धरून बसल्या. मागं रिकामे कॅन खडखडत होते.

त्या परत आल्या नाहीत. चौथ्या दिवशी ठेकेदारानं दुसरी बाई ठेवली. महिनाभरानं जावई येऊन खोलीतलं सामान घेऊन गेला. दोन पातेली, पाट, एक गोधडी. एवढंच होतं. मी त्याला फ्रीजमधले पुडे न्यायला सांगितले, तर म्हणाला, "आये रोज ताजं करत्यात. त्या म्हनल्यात, बाईंनी फोन करावा."

मी फोन केला. मागं बाळ रडत होतं, म्हैस ओरडत होती.

"मावशी, खणभर पुडे पडलेत. काय करू?"

"खावा की."

"मी? अहो, ते बाळंतिणीचं आहे."

"मग? बाळंतीण नसली तर खाऊ नये असं कुटं लिवलंय? तुमच्या बाळंतपणात कुनी केलं हुतं?"

कुणीच नाही. माझी आई आधीच गेलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी सव्वा महिना खानावळीचा डबा खाल्ला. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. फोन धरून मी रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही, पण फार दमले होते एवढं खरं.

त्या संध्याकाळी मी एका गाठीचा पुडा काढला, गरम केला, दोन भाकऱ्या थापल्या. शेपूत मीठ बेताचं होतं, लसूण भरपूर. सगळं संपवलं आणि परत फोन लावला.

"मावशी, जेवले."

"समदं खाल्लं?"

"सगळं."

"बरं केलंत. आता पडा जरा."

सातसुद्धा वाजले नव्हते. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता, धुणं तसंच होतं. मी पडले.