चार चमचे सोडा

काल कपडे धुवायच्या सोड्याचं पाकीट फोडलं आणि नाकात झोंबलेली ती भुकटी मला थेट कारंजा गावाजवळच्या आमच्या भाजीच्या वावरात घेऊन गेली.

तेव्हा मी वावरातल्याच घरी बसून वेबसाइटसाठी लेख लिहायला नुकतीच लागले होते. दहा लेख वाचायचे आणि त्यांतून अकरावा तयार करायचा, हीच त्या कामाची रीत. वांग्यावरच्या मावा किडीबद्दल लिहिताना काम देणाऱ्या बाईंना नेमकं माप हवं होतं. मी लिटरभर पाण्यात चार चमचे धुण्याचा सोडा, असं ठोकून दिलं. वांग्याचा वाफा दारासमोर होता, बाबा ओसरीवर बसले होते, पण त्यांना विचारावं असं मला वाटलंसुद्धा नाही. लेखावर नाव माझं नव्हतंच.

पंधरवड्याने बाबा त्याच वाफ्यात मोबाइल धरून उभे दिसले. पानं कडेने करपली होती, हात लावला की चुरा व्हायची.

"कोनं तरी ग्रुपवर टाकलं होतं, तसंच फवारलं. वाच बरं, माहं काय चुकलं?"

मी वाचत गेले. वाक्यं माझीच होती.

"चारच चमचे लिहेल हाये, बाबा."

"मंग माह्याच हातानं जास्त पडलं असन. लिहिनारा शिकेल मानूस, तो कायले खोटं लिहीन?"

मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. त्यानंतर प्रत्येक फवारणीचं माप बाबा मलाच घ्यायला लावत. स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.