पट्टीवरचा हिरवा डाग

रोह्याच्या एका खासगी लॅबमध्ये मी जखमांचे नमुने तपासते. पू बघून नाक मुरडायचं मी केव्हाच सोडलंय. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या टाचेतला पू मला ओळखता आला नाही. कुठल्या तोंडाने सांगायचं हे? पण सांगते.

दादा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचा. बाकीचं काम दहा जण करतील, डोळ्यांना दादाच लागायचा. त्याला साखर होती, तळपायाची जाणीव गेलेली. साच्याची तार टाचेत घुसली, ती वहिनीला दुसऱ्या दिवशी फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळली. गणपती महिन्यावर आलेले. "चतुर्थी होऊं दे, मग दाखवतो," एवढंच त्याचं.

त्यातल्याच एका रविवारी मी निडीहून, माझ्या घरून, गाडीने त्याच्याकडे गेले. दादा पाटावर बसलेला, पाय लांब केलेला, टाचेला पट्टी. पट्टीवर निळसर हिरवा डाग. मी विचारलं, "हे काय रे?" वहिनी म्हणाली, "रंग वो वन्सं. आमच्याकडं भाकरीला पण रंग लागतो." खोटं नव्हतं ते. त्या घरात दाराच्या कडीला, चहाच्या कपाला, सगळ्याला रंग. मीही हसले. "मोराचा उरलेला रंग पायाला फासलास की काय?" अशी वर चेष्टा केली. दादा खूश! शेजारी आला त्यालाही सांगितलं, "माझी बहीण लॅबमधी हाय. ती बोलली, रंग हाय." अगं बाई, पट्टी सोडून बघायला असा किती वेळ लागला असता? निदान वास तरी घ्यायचा! पण मला परतीच्या गाडीची घाई होती.

पंधरा दिवसांनी त्याला ताप भरला. पेणच्या दवाखान्यातून नमुना आमच्याच लॅबला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवायला ठेवलेली प्लेट उघडली तर तोच हिरवा रंग, आणि नासक्या द्राक्षांसारखा गोडसर वास.

आमच्या लॅबच्या डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं, ते विसरू म्हटलं तरी विसरत नाही. हे जंतू थोडे असतात तेव्हा मुकाट असतात. प्रत्येक जण अंगातून एक रसायन सोडत राहतो. संख्या वाढली की ते रसायन दाटतं, परत त्यांच्याच पेशीत शिरतं आणि आत निरोप पोचतो, आता आपण भरपूर झालो. मग मेले कामाला लागतात. विष सोडतात, भोवती बुळबुळीत थर धरतात, आणि तो हिरवा रंगही तेव्हाच बनवतात. म्हणजे मी हसत होते त्या रविवारी त्यांचं सगळं ठरून झालेलं होतं. माझ्या प्लेटमध्ये जे औषध त्यांना मारत होतं, ते पायातल्या थराआड बसलेल्यांचं काहीच करू शकेना. रिपोर्टमध्ये "औषध लागू" असं मी स्वतः टाइप केलं होतं. हा निरोपच तोडणारं औषध नाही का, मी बाईंना विचारलं. "शोधताहेत," त्या म्हणाल्या. शोधताहेत! माझ्या दादाचा पाय काय तोवर थांबणार होता?

पाऊल गेलं. महिन्याभरात कापलेल्या जागेच्या जखमेतही तेच जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या वर कापावं लागेल, तेही लगेच, नाहीतर विष रक्तात जाईल आणि माणूस हातचा जाईल. दादा कोणाचंच ऐकेना. "माझ्या बहिणीला बोलवा. ती बोलंल तसं करतो."

मी गेले. वहिनी फॉर्म घेऊन खाटेशी उभी होती. दादाने माझा हात धरला. "तू सांग गो. कापायलाच लागंल?"

नुसतं "व्हय दादा" म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं माझं. पण इतके दिवस आत कोंडून ठेवलेलं, आणि तो एवढ्या भरवशाने बघत होता की मला राहवेना. रडत रडत सगळं बोलून टाकलं. तो रंग नव्हता दादा, मला कळायला पाहिजे होतं, मी चुकले.

त्याने हात सोडवून घेतला.

"तवा रंग बोललीस," तो म्हणाला. "आता पाय कापा बोलतेस. तुला काय कळतंय गो?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. वहिनीने हात जोडले, पाया पडली, डॉक्टर दोनदा येऊन समजावून गेले. त्याने सही केली नाही. पाचव्या दिवशी दादा गेला.

सही झाल्यावर बोलले असते तर काय बिघडलं असतं?