कुरडयांचं हवामान

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जरा लांब, मोकळ्यावर, एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मी वर जातो, नळीत पाणी किती ते पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. नगरसारख्या ठिकाणी हा छंद म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट बांधण्यातला प्रकार. वहीची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली आहेत. पण शून्यसुद्धा वर जाऊन, बघूनच लिहायचं असतं. घरात बसून लिहिलेलं शून्य ही थाप असते. माझं हे म्हणणं घरात कुणी मनावर घेत नाही, तो भाग वेगळा.

नोकरीत मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. भाग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावून जाडी-व्यास मोजायचा, मापात बसला तर पास, नाही तर परत. चाळीस वर्षं हेच केलं की माणूस पुढे लग्नाच्या पंगतीत जिलबीचाही व्यास बघायला लागतो. निवृत्तीच्या आधी काही वर्षं हा आभाळाचा नाद लागला, आणि व्हर्नियर घरी आला तो कायमचा.

सावेडीतल्या आमच्या गच्चीवरून पूर्वेला डोंगरावरचा चांदबीबीचा महाल दिसतो. माझं पहिलं यंत्र तेच. जानेवारीत सकाळी तो धुक्यात बुडालेला असतो आणि दहाच्या सुमाराला हळूच वर येतो. मार्चमध्ये धुळीनं मळकट होतो. जूनमध्ये तर छळच. पश्चिमेकडून ढगांच्या फौजा येतात, गच्चीवरचे कपडे पार शेजारच्या सोसायटीत जातात, आणि थेंब नाही. सगळं पाणी पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या डोंगरांत उतरवून ढग आमच्याकडे रिकाम्या हातानं येतात, लग्नाला आहेर न आणणाऱ्या पाहुण्यासारखे. खरा पाऊस आम्हाला भेटतो तो सप्टेंबरात, परत जाताना. तो पडला की दुसऱ्या दिवशी महाल असा स्वच्छ दिसतो की मी उगाचच बायकोला हाक मारून दाखवतो. ती म्हणते, "काल पण तिथंच होता."

मला नगरचं हे कंजूस आभाळ फार आवडतं, हे सांगून टाकतो. जिथं रोज पडतो तिथं मोजण्यात काय मजा?

हळूहळू इमारतीत माझं नाव झालं. उन्हाळा लागला की बायका जिन्यात अडवतात. "काका, उद्या पापड घालू?" "काका, शनिवारी बारसं आहे, मांडव गच्चीत चालेल?" मी नकाशे बघून, वाऱ्याची दिशा पाहून सांगतो. सगळी इमारत विचारते. विचारत नव्हती ती एकटी माझी बायको. गेली अकरा वर्षं तिनं मला हवामानाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, आणि ते मला पायातल्या काट्यासारखं सलत होतं.

कारण मला माहीत होतं. ते अकरा वर्षांपूर्वीचं, मुलीच्या लग्नाच्या वर्षाचं.

रुखवतात मांडायला कुरडया करायच्या होत्या, पांढऱ्या, गुलाबी आणि पोपटी. कुरडई हा प्रकार हवामानवाल्याची परीक्षा घेण्यासाठीच काढला असावा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून सोऱ्यानं घालायच्या. म्हणजे गहू आज भिजवायचे आणि ऊन हवं पाचव्या दिवशी. एकदा गहू भिजले की ते कुणासाठी थांबत नाहीत. बायकोनं मला विचारलं, "भिजवू का?" माझा पर्जन्यमापक तेव्हा नवा कोरा होता, आणि माझं शहाणपणही. मी म्हणालो, "बिनधास्त भिजव. आठवडाभर ढगाचा ठिपकासुद्धा येणार नाही. लिहून देतो."

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भिंगारच्या बाजूनं काळं झालं आणि अर्ध्या तासात गारा सुरू झाल्या. गच्चीत चार जुन्या साड्यांवर कुरडया पसरल्या होत्या. बायको धावली. साडीचं एक टोक धरून तिनं मला हाक मारली, "अहो, पलीकडून धरा!"

आणि मी काय केलं? मी खाली घरात धावलो, व्हर्नियर आणला आणि गारा मोजायला बसलो. सगळ्यांत मोठी अकरा मिलिमीटरची होती. ती चिमटीत धरून मी ओरडलो, "अगं, अकरा! अकरा आहे!" बायको पलीकडचं टोक एकटीनं ओढत होती. गुलाबी रंग साडीवरून ओघळून गच्चीभर पसरला होता.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे तो लगदा बादलीत भरला, आणि रुखवतासाठी कुरडया बाजारातून आणल्या. वहीत माझ्या हातचं अजून आहे: 'गारा, कमाल अकरा मिमी.' त्या पानाकडे मी सहसा जात नाही.

तेव्हापासून ती हवामान विचारायची ते भाजीवाल्या मावशींना. मावशी नगर तालुक्यातल्याच एका गावाहून टेम्पोनं येतात आणि नऊच्या सुमाराला आमच्या फाटकापाशी टोपल्या मांडतात. त्यांचा स्वतःचा दोन एकर कांदा आहे. बायको पिशवी घेऊन खाली उतरायची, मेथी निवडता निवडता विचारायची, "मावशी, यंदा गहू कधी भिजवू?" मावशी सांगतील तो दिवस. आणि गंमत म्हणजे मावशींचं कधी चुकायचं नाही. चुकलंच तर फार नाही. मी मनातून जळायचो. जिला मिलिमीटर म्हणजे काय ते ठाऊक नाही ती माझ्या घरात माझ्यावर मात करत होती.

या एप्रिलमध्ये मी फाटकापाशी स्कूटर पुसत होतो. मुलगी मुलांना घेऊन सुट्टीला येणार होती आणि नातीनं फोनवर आजीकडे कुरडया मागितल्या होत्या. बायको खाली आली. गुडघ्यामुळे ती आता जिना एकेक पायरी करत उतरते. तिनं नेहमीप्रमाणे मावशींना विचारलं.

मावशी हसायलाच लागल्या. "आता गं बया! मला काय इचारता बाई? मी रोज सकाळच्याला ह्या सायबांलाच इचारते. कांदा वावरात पडलेला असतो ना. त्ये सांगत्यात, त्येच मी तुमाला सांगते. इतकी वर्सं झाली, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

खरं होतं. गच्चीवरून उतरलो की मावशी विचारायच्या आणि मी सांगायचो. पुढे ते कुठे जातं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग मेथीकडे पाहिलं, आणि कोथिंबीर न घेताच वर गेली.

संध्याकाळी चहा घेताना तिनं विषय काढला. "मावशींना तुम्ही नेमकं काय सांगता?"

"जे दिसतं ते. ढग होतील असं वाटतं, पण नक्की नाही, ताडपत्री जवळ ठेवा. असं."

"त्यांना 'नक्की नाही' सांगता?"

"त्यांचा कांदा उघड्यावर असतो गं."

"आणि माझ्या कुरडया काय फडताळात होत्या?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी बशीतला चहा पीत राहिलो. मग कप ठेवता ठेवता, अगदी सहज, ती म्हणाली, "भिजवू का गहू?"

अकरा वर्षं मी या तीन शब्दांची वाट पाहिली होती. मोबाईल काढला, नकाशे पाहिले, गॅलरीत जाऊन वारा पाहिला. एवढी बारीक तपासणी मी कारखान्यात ऑडिटच्या वेळीही कधी केली नव्हती. पाचवा दिवस धड इकडे नव्हता, धड तिकडे नव्हता. आत आलो आणि म्हणालो, "मला माहीत नाही."

"हे तेव्हा म्हणाला असता," ती म्हणाली, "तर मी दर वर्षी विचारलं असतं." आणि उठून गहू भिजत घालायला गेली.

पाचव्या दिवशी सकाळी महाल लख्ख दिसत होता. कुरडया घातल्या, या वेळी सगळ्या पांढऱ्या. मी खुर्ची टाकून तिथंच बसलो, जेवणही वरच मागवलं. तीनच्या सुमाराला भिंगारच्या बाजूला ढग उभा राहू लागला. मी खाली हाक मारली. ती कठडा धरत वर आली. अर्धवट वाळलेल्या कुरडया हलवल्या की तुटतात, म्हणून एकेक साडी चारी बाजूंनी ताणून, पाळण्यासारखी धरून न्यावी लागते. तीन साड्या आम्ही जिन्यावरच्या खोलीत नेऊन खाटेवर आणि जमिनीवर ठेवल्या. चौथी आणताना थेंब आले आणि दारात पोचतो तोच गारा. खाली जागा उरली नव्हती. तिनं तिच्याकडची टोकं भिंतीतल्या खिळ्यांना अडकवली. माझ्याकडची दोन्ही माझ्या हातांतच राहिली. सोडली असती तर सगळा ढीग झाला असता.

बाहेर गारा पर्जन्यमापकाच्या पत्र्यावर तडतडत होत्या. मी टोकं धरून उभा राहिलो. बाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो.

बायको पदर डोक्यावर घेऊन दाराबाहेर वाकली. गुडघ्यावर हात टेकत सावकाश सरळ झाली, आत आली आणि माझ्यासमोर ओला तळवा उघडला. त्यात एक गार होती, चांगली टपोरी.

"घ्या," ती म्हणाली, "टोकं मी धरते. मोजा लवकर, वितळतेय."

व्हर्नियर सापडेपर्यंत ती हरभऱ्याएवढी राहिली होती. वहीत त्या दिवशीच्या आकड्याच्या जागी मी लिहिलं: 'गार मिळाली.'