मास्तरांचा हात रोबोच्या हाती

ताईची डायरी: मंगळवार, १२ मार्च. सकाळी साडेनऊला भावाबरोबर रुग्णालयात. रोबोवरच्या व्यायामाचा अकरावा दिवस. पडद्यावर भावाच्या हाताचे स्वतःचे बळ शून्य. शुक्रवारी पुन्हा मोजणार. तेव्हाही शून्यच निघाले तर यंत्र रांगेतल्या पुढच्या रुग्णाला देणार.

ताईचा हा भाऊ म्हणजे शिंपीमास्तर. चाळीस वर्षे कोट शिवले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत नजरेनेच छातीचे माप घेत, आणि पोट सुटलेल्याला "कापडच आटलंय हो" म्हणून सांभाळून घेत. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि दुकानाला कुलूप लागले.

रुग्णालयात हा हात पट्ट्यांनी रोबोला बांधत. पडद्यावर सफरचंद दिसे, ते टोपलीत न्यायचे. मास्तरांचे बळ जितके कमी पडेल तितके रोबो लावी. सफरचंदे पटापट टोपलीत पडत आणि मास्तर खुशीत असत.

"मास्तर, ही सगळी रोबोने उचलली," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते पाहुणे."

"मी हात हलका सोडतो ना."

"का पण?"

"पोरांना जन्मभर तेच शिकवलं, बाई. मशीन चालू असताना कापड ओढायचं नाही, ढकलायचं नाही. ते आपलं आपण नेतं. ओढलं की सुई मोडते."

बाई खाली बसल्याच. "म्हणजे अकरा दिवस तुम्ही माझ्या रोबोची सुई वाचवताय?"

ताईने कपाळावर हात मारला. "आयुष्यभर माझ्याशी भांडलास ना? तसाच भांड त्याच्याशी."

मास्तरांना पटले, पण हाताला पटेना. मोटरची घरघर सुरू झाली की तो आपोआप सैल पडे. बुधवार असाच गेला, गुरुवारही.

शुक्रवारी मास्तरांनी बाईंकडे कापूस मागितला आणि दोन्ही कानांत बोळे घातले.

"हे काय आणि?" ताईने विचारले.

"शिवायचं नाहीये आज. बेतायचंय. जाड लोकरीचं कापड आहे. कात्री आपण होऊन कधी पुढे जात नाही, खांद्यातून रेटावी लागते."

त्यांनी रेटले. खांदा थरथरला, मान लाल झाली. सफरचंद निम्म्या वाटेत अडखळले, मग रडतखडत टोपलीत पडले. पडद्यावर आकडा उमटला.

"चौदा!" बाई ओरडल्या.

मास्तरांनी एक बोळा काढला. "चौदा काय? कॉलर?"

"बळ, मास्तर. शंभरात चौदा. रोबो आणखी महिनाभर तुमचाच."

"मग उद्या अस्तर बेतू," मास्तर म्हणाले, आणि तोंड फिरवून बराच वेळ दुसरा बोळा काढत बसले.

ताईने संध्याकाळी डायरीत लिहिले: चहाच्या वेळी भावाने उजव्या हाताने बशी सरकवली. ती टेबलापलीकडे गेली. आता कप सहा, बशा पाच.