रामनगरचा शेजारी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर चहा पाजून वाटेला लावलंय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

तेव्हा मी बनारसच्या एका रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायचे. केस काळे, जीभ तिखट आणि अक्कल — ती यायची होती! मुख्य इमारत संकठा घाटाजवळ, शाखा गंगेपलीकडे रामनगरला. दोन्हीकडचे राउटर मी ओएसपीएफ नावाच्या नव्या पद्धतीवर नेत होते. म्हणजे राउटर एकमेकांना 'हॅलो' पाठवतात, शेजारी होतात आणि मग वाट आपली आपण शोधतात. हे मला शिकवलं माझ्या आधी हेच काम करणाऱ्या जोगळेकरकाकांनी. “पोरी, आधी शेजार जुळू दे, मग जुनी वाट पूस.”

काकांना जाऊन वर्ष झालेलं. पण मला, बाईसाहेबांना, घाई! भर दुपारी, मुख्य इमारतीत बसूनच, रामनगरच्या राउटरवरची हातानं घातलेली वाट पुसून टाकली. त्याच राउटरनं हॅलो पाठवू नये अशी बंदी तयारी करताना मीच घातली होती, ती उठवायला विसरले. लिंक गेली. आता इथून तिकडे शिरताही येईना.

तेवढ्यात रामनगरहून डॉक्टरांचा फोन. “मैडम, बच्ची छत से गिरी है, बंदर के डर से. सीटी बड़े साहब देखेंगे, तभी सिर खोलेंगे. जल्दी कीजिए!”

पूल गाड्यांनी तुंबलेला. तिकडे जाऊन दुरुस्त करायला वेळच नव्हता...

आणि स्क्रीनवर ओळ उमटली — शेजारी जुळला. आयडी काका मला ज्यावर शिकवायचे, त्या सरावाच्या राउटरचा. सीटी स्कॅन इकडे आला, इथल्या मोठ्या साहेबांनी पाहिला, तिकडे ऑपरेशन सुरू झालं.

संध्याकाळी रामनगरला पोचले. काकांचा राउटर कपाटात, मीच ठेवलेला, वायर गुंडाळून. शाखेच्या राउटरवर हॅलोची बंदी तशीच. ती उठवली, खरा शेजारी आला, आणि काकांचा आयडी यादीतून गेला.

नातू याच धंद्यात आहे. म्हणतो, “आजी, डुप्लिकेट आयडी रहा होगा.” अरे शहाण्या, त्या आयडीचा दुसरा चालू राउटर तिथे होताच कुठे?

कारण मला आजही ठाऊक नाही. त्या संध्याकाळी रामनगरहून बाहेर पडताना त्या पोरीची आई माझ्या पाया पडायला वाकली. “आपने बचा लिया, दीदी.” मी झटकन पाय मागे घेतले... पण कुणाकडे बोट दाखवू, ते सुचेना.