दाजींची खाजकुयली

तोंडाला रुमाल बांधून मी आयुष्यात एकच वस्तू विकत घेतली, ती म्हणजे पावशेर सफेद मुसळीची ताकदीची पूड. पन्नाशी उलटली होती, जिना चढताना धाप लागत होती आणि बायको "अंगणातल्या लिंबाला पाणी तरी घाला, तेवढं होईल का?" असं विचारायला लागली होती. म्हणून सोनपेठच्या आठवडी बाजारात, भर उन्हात, ताडपत्रीवर बरण्या मांडून बसलेल्या जडीबुटीवाल्यापाशी जाऊन उभा राहिलो.

अश्वगंधा होती, गोखरू होतं, शिलाजीत होतं, आणि पुढच्याच गिऱ्हाइकाची पाठ ओळखीची होती. ते आमचे दाजी, मोठ्या बहिणीचा नवरा. साठीतला शेतकरी गडी, सोयाबीनचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा. ते खाजकुयलीच्या बियांची पूड मागत होते. ज्या शेंगेची कुसं अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून नाचतो, तिच्याच बिया दुधात उकडून, सोलून ताकदीचं औषध करतात.

"कौंच है चचा," जडीबुटीवाला ओरडला, "खाते जाव, साठ में घोडा बनोगे!"

दाजींनी डाव्या हातानं पुडी घेतली. उजवा हात खिशात. मी पटकन कांद्याच्या पोत्यामागं लपलो. खिशातला हात मला दिसला होता, पण माझं डोकं त्या घोड्यावरच अडकलं.

थोड्याच दिवसांनी भाचीचं लग्न होतं, दाजींच्याच गावात. आता दाजींची खोडी मेव्हण्यानं काढायची नाही तर कुणी? हळदीच्या दिवशी मांडव पाहुण्यांनी भरलेला बघून मला राहवलं नाही.

"दाजी, लेकीचं लगीन लावायलात आन खाजकुयली खायलात तुमी! आमच्या आक्काला झोपबिप हाय का न्हाई?"

मांडव हसून लोळला. दाजी सगळ्यात मोठ्यानं हसले. हसली नाही ती फक्त आक्का. हळदीचं ताट घेऊन ती आत निघून गेली. तेवढ्यात आमच्या चुलतीनं विचारलं, "पर तुला कसं रं ठाव? तू कशाला गेलतास तिथं?"

असा प्रश्न येऊ शकतो हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "कांदे."

"कांदे कुठं आणलेत?" बायको म्हणाली. "ती पांढरी भुकटी तेवढी आणलीत. पीठ समजून मी थालीपिठात घालून संपवली की!"

मग जो हशा झाला, त्यात दाजींचं प्रकरण वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड यायच्या आधी दाजींनी मला मांडवामागं कडब्याच्या गंजीपाशी नेलं. खिशातून उजवा हात बाहेर काढला.

"बघ."

हात चाळणी धरल्यासारखा हलत होता, आपल्याच तालात. दाजी त्याच्याकडं दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसं बघत होते.

"मागच्या सुगीपासून हाय. एका वैदूनं सांगितलं, खाजकुयलीनं कंप दबतो. थोडा दबतो बी."

"दाजी, डॉक्टरकडं..."

"गेलो आन बोभाटा झाला तर? देवगाव फाट्याकडचे सोयरे. म्हणतील, ह्यांच्या घराण्यात रोग हाय, उद्या पोरीला बी लागंल. आक्षता पडूस्तोर कुणाला कळू द्यायचं न्हाई." तो हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. थरथर पार माझ्या दातांपर्यंत आली. "काल तू चेष्टा केलीस, लय बेस झालं. म्हातारा रंगेल हाय म्हणत्यात, म्हणू दे. आता व्याहीभेटीला गंध लावायचंय. हात हलला की मोठ्यानं काईतरी बोल. तुला येतंय ते."

मला येतंय ते. जन्मभर तोंड चालवलं, पण त्याचं असं काम कुणी सांगितलं नव्हतं.

व्याहीभेटीला सगळा मांडव गोळा झाला. दाजींनी बोट गंधात बुडवलं. कपाळाच्या मधोमध जायचं ते बोट भुवईवर उतरलं आणि तिथून नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल रेघ ओढत गेलं. व्याह्यांच्या मागची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"दाजी!" मी ओरडलो. "सकाळचा डोस जास्त झाला वाटतं! गंध लावायलात का इवायाला मिशा काढायलात?"

मांडव फुटला. व्याही स्वतःच नाक पुसत हसत सुटले आणि त्यांनी दाजींना मिठी मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. हसून हसून मेला बघा हा, असं लोक म्हणाले.

लग्न उरकल्यावर दाजींना परभणीला नेलं. डॉक्टरांनी आधी रोगाचं नाव सांगितलं, मग आम्हाला धारेवर धरलं. त्या बियांत कंपावरच्या गोळ्यांसारखाच काही अंश असतो, म्हणाले, पण भुकटी काय मोजूनमापून पोटात जाते? आणि तिच्या आडोशाला इतके महिने का घालवलेत? दाजींनी मान खाली घातली. मीही.

आता दाजी पडवीत खुर्चीवर असतात. गोळ्यांनी हात थोडं ऐकतो, पण चेहरा ऐकेनासा झालाय. हसू वर येतच नाही. मी जातो, बशीनं चहा पाजतो, माझी एखादी नवी फजिती सांगतो आणि वाट बघतो. कधी पोट जरासं हलतं, कधी नाही. हसले का, ते मग आक्काला विचारावं लागतं.

गेल्या दिवाळीला भाचीला घेऊन व्याही आले. त्यांना सगळं कधीच कळलं होतं. खुर्चीपाशी बसून म्हणाले, "इवाई, तवाच सांगायचं की. मीच गाडी घालून नेलं असतं तुमाला."

दाजींचे ओठ हलले. आक्कानं कान जवळ नेला. "म्हणायलेत, तवा कुठं ठाव होतं, तुमी असे हाव म्हणून."

मग दाजींचं बोट शेजारच्या ओवाळणीच्या तबकाकडं सरकलं. आक्कानं गंधाची वाटी पुढं धरली. व्याही उठले, वाकले, कपाळ अगदी जवळ आणलं. दाजींचं मनगट धरायला त्यांनी हात पुढं केला, पण धरलं नाही. तसेच वाकून थांबले. बोट निघालं, कानशिलावर गेलं, तिथून भुवईवर आलं.

सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच खुणावलं, तिकडं बघा, त्या बोटाकडं.