तीन उभ्या विटा

आपल्या शहरावर सूर्य रोज उगवतो तो वरच्या मजल्यावरच्या सरांना विचारूनच, अशी आमच्या अख्ख्या बिल्डिंगची समजूत होती. सर मूळचे पिशोरचे, जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांनी सोलरची पॅनेलं बसवली आणि त्यांच्या कंपासपेटीतला कोनमापक कायमचा खिशात आला. मुलीच्या लग्नात भर मांडवात ते नवरदेवाला म्हणाले, "जावईबापू, जरा दक्षिणेला वळा, उजळ दिसाल." गच्चीवर कुणी साडी वाळत घातली की जिन्यातून आरोळी यायची, "वहिनी, सावली! सावली पडली!" बिचारी साडी ओलीच खाली जायची.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून पॅनेलं जास्त उभी हवीत, हे त्यांचं गणित. त्यासाठी एका वर्षी पौष लागताच मागच्या पायांखाली तीन-तीन विटा आल्या. पण मग पॅनेलांची सावली नेमकी माझ्या खुर्चीवर, आणि पौषातल्या उन्हात गुडघ्यांना तेल चोळत बसणं हा तर माझा एकमेव उद्योग. त्या वर्षी सरांनी बिल्डिंगच्या बैठकीत जाहीर केलं, "या पौषात माझ्या कोनानं वीज वाढली नाय, तर पुन्हा गच्चीचं नाव काढणार नाय." नेमका तेव्हाच नातू झाला, म्हणून ते महिनाभर मुलीकडे नाशिकला गेले. जाताना मला म्हणाले, "भाऊसाहेब, पॅनेलं तेवढी पुसत जा. कोनाला हात लावू नका, लई विचार करून धरलाय." त्याच दुपारी मी विटा काढल्या. ते यायच्या आदल्या दिवशी पुन्हा लावल्या.

मीटरचा आकडा गेल्या वर्षीइतकाच निघाला. बैठकीत लोक पोट धरून हसले. मीही हसलो. जिना चढताना सर हळूच म्हणाले, "म्हणजे पोरांना जन्मभर चुकीचंच शिकवलं का हो मी?"

"ढग असतील," मी म्हणालो. भर पौषात ढग, आणि तेही भूगोलाच्या मास्तरांना सांगत होतो मी! त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत. पुढं पॅनेलं बिल्डिंगला देऊन मुलीकडेच राहायला गेले.

यंदा पौष लागताच, उन्हाळ्यात काढलेल्या विटा मीच धापा टाकत पुन्हा लावल्या. महिन्यानं आकडा चढला, सर म्हणायचे तसाच. जिन्याखालच्या सूचनांच्या फळ्यावर मी स्वतःच्या सहीनिशी सगळी हकीकत लिहिली आणि मग त्यांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"विटा आडव्या लावल्या का उभ्या?"

"उभ्या."

"व्हय. मग बरोबर." आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत.

माझी खुर्ची आता सावलीत असते. गुडघे कुरकुरतात, पण मी ती हलवलेली नाही.